गेम यायच्या आधीच पीसी बदलू नको, भो

भो, नवा गेम तुझ्या पीसीवर चालेल का ते आधी तपास. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. तिथल्या परफॉर्मन्समधून प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि जीपीयू (स्क्रीनवरची चित्रं काढणारी चिप, ग्राफिक्स कार्डात असते ती) कोणता ते लिहून घे. नुसतं 'आय-सेव्हन (इंटेलचा प्रोसेसर) आहे' म्हणून काही कळत नाही. २०१२चा आय-सेव्हन आजच्या आय-थ्रीपुढे टिकत नाही.

मग स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) तुला हव्या त्या गेमच्या पानावर 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' हे दोन रकाने बघ. मिनिमम म्हणजे गेम सुरू होईल, एवढंच. मजा हवी तर रेकमेंडेडच्या जवळ राहा. हे आकडे बदलतातही: २०२०मध्ये आलेल्या सायबरपंक २०७७ ने २०२३मध्ये मिनिमममधूनच हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) मागितली.

नवखी पोरं हमखास चुकतात ती रॅममध्ये. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नुसती रॅम वाढवून मोठा नवा गेम पळत नाही. (रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला दुसरी टाक, थोडा फरक पडतो.) कार्ड घेण्याआधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे ते बघ. हे कोणी बघतच नाही!

आणि आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ला टेकतो, तापलेला प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि शिव्या गेमला बसतात. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नको, पंख्यांतली धूळ काढ.

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणं, नको. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. प्रोसेसर, रॅम आणि जीपीयू, या तिन्हींचं लिहून घेतलेलं कळव, मग कार्डाचं बघू.