पुण्यात एमडी कम्युनिटी मेडिसीन करतोय, फायनल चार महिन्यांवर आली आहे. प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) तयारी कशी करू?

थिअरीचं वाचन बऱ्यापैकी झालंय, पण प्रॅक्टिकलचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, वाचलेलं ऐनवेळी तोंडातून बाहेर पडत नाही, आणि कोचिंग लावावं का, असं तुम्ही विचारलंय. मीही सार्वजनिक आरोग्याची ही पदवी पुण्यातूनच घेतली आणि आता पीजींच्या मॉक परीक्षा घेतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर जे लक्षात आलं ते सांगतो.

थिअरी आधी उरकून टाकू. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालचं कॉलेज असेल तर प्रत्येकी १०० मार्कांचे चार पेपर. चौथा रिसेंट ॲडव्हान्सेसचा, त्याला लोक उगाच घाबरतात. राष्ट्रीय कार्यक्रमांत गेल्या दोन-तीन वर्षांत काय बदललं एवढं नीट पाहिलंत तरी बरंच भागतं. उदाहरणार्थ, टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांवरून १००० झाली, आणि सिनियरच्या झेरॉक्स नोट्सवर विसंबलेली मंडळी अजून ५०० लिहून येतात. नोट्स घ्या, पण प्रत्येक आकड्याशेजारी साल आहे का ते बघा. साल नसेल तर तो आकडा तपासल्याशिवाय वापरू नका.

आता प्रॅक्टिकल. समोर बसलेल्या एक्स्टर्नलला (बाहेरून आलेल्या परीक्षकाला) व्याख्या ऐकायच्या नसतात, त्या थिअरीच्या पेपरात तपासून झालेल्या असतात. उद्या या माणसाच्या हाती एक तालुका दिला तर हा काय करेल, याचा त्याला अंदाज घ्यायचा असतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरानंतर त्याचा पुढचा प्रश्न ‘बरं, मग?’ असा असतो. तुमची सगळी तयारी या ‘बरं, मग?’साठी असली पाहिजे. म्हणजे नेमकं काय, ते एका एक्सरसाइजवर दाखवतो.

समजा असा एक्सरसाइज आला. लग्नाचं जेवण, १२० माणसं. श्रीखंड खाल्लेले ८०, त्यातले ४८ आजारी. न खाल्लेले ४०, त्यातले ६ आजारी. जेवण दुपारी एकला, उलट्या तीन ते पाचच्या दरम्यान सुरू. अटॅक रेट, म्हणजे शंभरातले किती आजारी पडले ते काढा: खाल्लेल्यांत ६० टक्के, न खाल्लेल्यांत १५ टक्के. रिलेटिव्ह रिस्क (दोन्हींचा भागाकार) ४. ॲट्रिब्युटेबल रिस्क (दोन्हींतला फरक) ४५ टक्के, आणि खाल्लेल्यांच्या ६० टक्क्यांशी त्याचं प्रमाण काढलं तर ७५ टक्के. इथपर्यंत सगळेच येतात, आणि बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात.

खरी परीक्षा इथून पुढे. पहिला प्रश्न हमखास असा: ‘श्रीखंड न खाताही सहा जण आजारी पडले, ते कसे?’ इथे गप्प बसायचं नाही. वाढायचा एकच डाव दोन पदार्थांत फिरला असेल, काही जणांना काय खाल्लं ते नीट आठवत नसेल, एखाद्याला वेगळ्याच कारणाने उलट्या झाल्या असतील. दुसरा प्रश्न: ‘जंतू कोणता वाटतो?’ दोन ते चार तासांत उलट्या म्हणजे स्टॅफिलोकोकसचं तयार विष, साल्मोनेलाला सहसा इतकी घाई नसते. तिसरा: ‘मग आता काय कराल?’ इथे ‘आरोग्य शिक्षण देईन’ असं म्हणालात की समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो. उरलेलं श्रीखंड कुठे आहे, ते थंड ठेवून प्रयोगशाळेत कोण नेईल, आचाऱ्यांच्या हातावर जखमा किंवा गळवं आहेत का, चक्का कधी आणला आणि रात्रभर कुठे ठेवला होता, एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) कोण कळवेल, आयएचआयपी या सरकारी रोगनोंदणी पोर्टलवर नोंद कोण करेल, हे सांगा. प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक वेळ जोडायची सवय लावून घ्या. एएनएम (आरोग्यसेविका) आज संध्याकाळपर्यंत, एमओ (वैद्यकीय अधिकारी) उद्या सकाळी, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) परवा. एवढ्याने उत्तराचा सूरच बदलतो.

स्पॉटरचंही, म्हणजे ओळखायला ठेवलेल्या वस्तूंचंही तेच. पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागेल ते काढायचं हॉरॉक्सचं उपकरण समोर आलं की मुलं ‘सहा पांढरे कप, एक काळा कप’ म्हणून थांबतात. डिपार्टमेंटच्या म्युझियममधला तो डबा काढा आणि एकदा स्वतः करून बघा. काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग खुणेपर्यंत पाणी भरून ढवळायचं आणि निवळू द्यायचं. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी. पहिल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसेल त्याचा नंबर गुणिले २ ग्रॅम, एवढी पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते.

आता विहीर घ्या. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले चार: २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर. तिसऱ्या कपात निळा रंग आला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, एकूण साधारण ३७३ ग्रॅम. हे गणित कागदावर हाताने इतक्यांदा करा की बोलता बोलता जमलं पाहिजे. आणि मग ‘बरं, मग?’: पावडर गोणीत वर्षभर उघडी पडली असेल तर? टाकायची कधी? निदान तासाभराच्या संपर्कानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलंय की नाही हे कोण बघणार आणि कुठे, विहिरीवर की शेवटच्या घरच्या नळाला?

या शेवटच्या प्रश्नातून पुण्याच्या विद्यार्थ्याची सुटका नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारेचे (हातपाय लुळे पडण्याच्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तिथल्या विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं गेलं आणि एनआयव्हीला (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला) काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. बाहेरून आलेला परीक्षक पुण्यात बसून हे विचारणार नाही असं होत नाही. तुम्ही साथीच्या तपासाच्या दहा पायऱ्या पोपटासारख्या म्हणू नका, केस डेफिनिशनपासून, म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचं इथून सुरुवात करा: कोणता काळ, कोणता भाग, कोणती लक्षणं. आणि एक धागा बहुतेकांच्या हातून सुटतो. रुग्ण १५ वर्षांखालचा असेल तर निदान गियाँ-बारेचं असलं तरी तो एएफपी (अचानक आलेला लुळेपणा) म्हणून पोलिओच्या सर्व्हेलन्सला कळवावाच लागतो. शौचाचे दोन नमुने, निदान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि ६० दिवसांनी फेरतपासणी. पाण्याच्या साथीवरून तुम्ही स्वतः होऊन पोलिओच्या सर्व्हेलन्सवर गेलात तर पुढची पाच मिनिटं तुमच्या हातात.

तसंच वारीचं. मास गॅदरिंगवर (मोठ्या गर्दीच्या आरोग्यव्यवस्थेवर) प्रश्न आला की सगळे कुंभमेळा सांगतात. आळंदीची आणि देहूची, दोन्ही पालख्या आपल्या शहरात मुक्कामाला असतात. टँकर भरतानाची ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी), फिरते दवाखाने, पायांना आलेले फोड, शौचालयांची सोय, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. पाहिलेलं सांगताना माणूस अडखळत नाही, हा व्हायव्हातला मोठा फायदा.

आता फॅमिली केस, म्हणजे एका कुटुंबाला भेटून मांडायची केस. माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, आणि त्याला अभ्यासाची कमतरता कारणीभूत नसते. मुलं प्रोफॉर्मा भरतात. घराचं क्षेत्रफळ, खिडक्या, कुप्पुस्वामी (कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक स्तर काढायची पट्टी), सगळं जागच्या जागी, पण माणूस त्यातून गायब. समजा पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली पन्नाशीची बाई आहे, मधुमेह आहे, साखर आटोक्यात नाही, चार घरी पोळ्या करते. ‘पूअर कम्प्लायन्स’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. तिला विचारा की सकाळी किती वाजता घर सोडते. ती सातला बाहेर पडत असेल आणि गोळ्या मिळतात तो दवाखाना सकाळीच उघडा असेल, तर ती एक खाडा करून गोळ्या आणते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दुपारचं जेवण ती कामाच्या घरी जे मिळेल ते करते, तिथे तुमचा डाएट चार्ट चालत नाही. हे विचारलंत तर सोशल डायग्नोसिस, म्हणजे आजारामागचं सामाजिक कारण, तुम्हाला शोधावं लागत नाही, तीच सांगते. मग सल्लाही बदलतो: संध्याकाळी चालू असणारा जवळचा दवाखाना कोणता, दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, मुलगी आणून देऊ शकेल का.

कुप्पुस्वामी किंवा बी. जी. प्रसाद ही तशीच दुसरी पट्टी काढलीत तर कोणत्या महिन्याच्या महागाई निर्देशांकाने उत्पन्नाचे गट सुधारून घेतले ते सांगता आलं पाहिजे.

आहाराच्या हिशोबाला एक युक्ती. ‘रोज तेल किती वापरता?’ याला कुठलीच गृहिणी ग्रॅममध्ये उत्तर देणार नाही. महिन्याला पिशव्या किती लागतात ते विचारा. पाच माणसांच्या घरात चार लिटर लागत असेल तर, लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम धरून, माणशी दिवसाला २४ ग्रॅम. साखरेचं आणि शेंगदाण्यांचंही असंच. भाकरीचं वजन मात्र घरच्या काट्यावर एकदा करून ठेवा, कारण पुस्तकातली भाकरी आणि वस्तीतली भाकरी यांच्या आकाराचा काही संबंध नसतो. आणि उष्मांकांसाठी एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्थेचे) २०२० चे आकडे वापरा: बैठं काम करणारा ६५ किलोचा पुरुष २११०, ५५ किलोची स्त्री १६६०. ६० किलोचा पुरुष धरलात की तुमच्या नोट्स किती जुन्या आहेत ते कळतं.

बायोस्टॅटवर फार लिहीत नाही, ते सरावाने येतं. फक्त स्वतःचा थिसिस पाठ नको, समजलेला हवा. सॅम्पल साइज कसा काढला हे विचारल्यावर ‘स्टॅटिस्टिशियन सरांनी काढून दिला’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. समजा २० टक्के प्रिव्हलन्स (पी, वस्तीत आजाराचं प्रमाण), ५ टक्के ॲब्सोल्यूट एरर (एल), क्यू म्हणजे १०० वजा पी, मग ४पीक्यू भागिले एलचा वर्ग, आले २५६. पी कुठून घेतला, आणि तो तुमच्या वस्तीला का लागू होतो, हा प्रश्न त्यानंतर येणारच.

वाचलेलं तोंडातून बाहेर पडत नाही, याचं कारण बहुधा एवढंच की तुम्ही तीन वर्षं मनात वाचलंय. फील्डवर दिवसभर मराठी बोलायचं आणि परीक्षेत एकदम इंग्रजी, यात मराठी माध्यमवालेच नाही तर कॉन्व्हेंटवालेही अडकतात. रोज एक केस मोठ्याने सादर करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकवत नाही, ठाऊक आहे, तरी ऐका. वाक्यं छोटी ठेवा. एखादा शब्द अडलाच तर साधा शब्द वापरून पुढे जा, एक्स्टर्नलही कधीतरी कुठल्या तरी आरएचटीसीच्या (ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या) ओट्यावर बसूनच शिकलेला असतो.

कोचिंगचं म्हणाल तर नको. बहुतेक क्लासेस एंट्रन्सच्या एमसीक्यूंसाठी बेतलेले आहेत, फॅमिली केस तिथे कोणी घेत नाही. त्यापेक्षा पुण्यात बी. जे., भारती विद्यापीठ, काशीबाई नवले, पिंपरीचं डी. वाय. पाटील अशी कॉलेजं हाकेच्या अंतरावर आहेत आणि सगळीकडे तुमच्यासारखेच घाबरलेले थर्ड इयरवाले आहेत. चार-पाच जण जमवा आणि शनिवारी दुपारी एकमेकांची मॉक घ्या. दुसऱ्या कॉलेजातल्याला तुमच्या गाईडची भीड नसते, त्यामुळे तुमच्या थिसिसवर तो बिनधास्त तुटून पडतो.