शिंपी म्हणाला, "आता माया उरली नाही"

प्रश्न: वय 26. नोकरीसाठी नागपूरहून मुंबईत आलोय. ठाण्यात दोघा मित्रांबरोबर वन बीएचकेत राहतो, ऑफिस फोर्टला. नीटनेटकं दिसायचंय आणि घरचं पौष्टिक खायचंय, पण वेळ नाही आणि पगारही बेताचा. आधी कशाला हात घालू?

उत्तर:

आधी कुकरला. कपड्यांचा शौक असलेला माणूस हे सांगतोय, म्हणून जरा ऐका.

तुमच्या वयाचा असताना मी दर पगाराला एक शर्ट घ्यायचो. जेवणाचा हिशोब मात्र असा: सकाळी ऑफिसखाली कटिंग आणि खारी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री कोपऱ्यावरच्या गाडीवरचा शेजवान राईस. पँटी मी शिंप्याकडूनच शिवून घेत असे. त्यातली एक कंबरेत घट्ट झाली म्हणून उसवून मोठी करून आणली, वर्षभराने पुन्हा आणली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने पँट उलटी केली, मागची शिवण माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "साहेब, आता माया उरली नाही." शिवणीच्या आत पुढच्या सोयीसाठी जे जादा कापड राखून ठेवतात ती माया. तयार पँटीत ती जेमतेम असते, माझ्या शिवलेल्या पँटीतलीही मी खाऊन संपवली होती. घरी कपाटात अकरा शर्ट होते आणि त्यातल्या सात शर्टांचं पोटावरचं बटण लावलं की दोन्ही बाजूंनी फट पडायची. त्या फटीवर कुठलाही ब्रँड उपाय करत नाही.

तर स्वयंपाक. तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, एक कढई, लोखंडी तवा आणि एक चांगली सुरी, एवढ्यात तिघांचं भागतं. पोळ्या करायला बसू नका. निदान पहिले सहा महिने तरी नको. ठाण्यात पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही, तिथून फक्त पोळ्या आणा आणि वरण, भाजी, कोशिंबीर घरी करा. "सगळं घरचंच" असा हट्ट धरणारे मित्र मी पाहिलेत, तिसऱ्या आठवड्यात त्यांचं पीठ डब्यात तसंच असतं आणि पोरकिडे त्यात संसार थाटतात.

मूळ पदार्थ मुगाच्या डाळीची खिचडी. मात्र तांदूळ दोन वाट्या आणि डाळ एक, असं प्रमाण असतं ते बदला, दोन्ही एकास एक घ्या. कच्च्या मूगडाळीत 100 ग्रॅममागे साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात सातच्या आसपास. शिवाय दोघांच्या प्रथिनांतली उणीव एकमेकांनी भरून निघते, म्हणून ही जोडी आपल्याकडे मोडलेली नाही. त्यात दुधी, गाजर, पालक, घरात असेल ते घाला. तीन शिट्ट्या. तेवढ्यात आंघोळ होते.

दुसरी गोष्ट मोड आलेली मटकी. सकाळी निघताना भिजत घाला, रात्री निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. नागपूरच्या उन्हाळ्यात फडकं वाळून जात असेल, इथल्या दमट हवेत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोड डोकावतातच. त्यापुढे मात्र बाहेर ठेवू नका, चिकट होऊन वास मारते, फ्रीजमध्ये टाका. तीच मटकी एक दिवस उसळ, एक दिवस कांदा-टोमॅटो-लिंबू घालून डब्यात, उरलीसुरली खिचडीत. तिसरं पिठलं, ते तुम्हाला मी काय शिकवणार. अंडी खात असाल तर एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, उकडून दोन न्या आणि वडापावच्या वेळेला खा. मासे खात असाल तर बांगडा घ्या, पापलेटच्या नादी लागू नका. बांगडा स्वस्त आणि तब्येतीला उत्तम, फक्त 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा म्हणून जो मिळेल तो जरा बघून घ्या. सावजीची तर्री रविवारी. ती सोडा असं नागपूरच्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात नाही.

भाजी निवडायला वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. लोकलच्या लेडीज डब्यात बायका वर्षानुवर्षं मटार सोलत, मेथी निवडत घरी जातात. जेन्ट्स डब्यात पत्ते किंवा मोबाईल. मी एकदा भायखळ्यापासून घाटकोपरपर्यंत गवार मोडत आलो. समोरचे काका म्हणाले, "काय, बायको माहेरी गेली का?" तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. अर्थात त्यासाठी बसायला जागा मिळावी लागते, आणि फोर्टहून निघणाऱ्याला ती सीएसएमटीला मिळू शकते, हे तुमचं भाग्य.

तेल मोजायची माझी पद्धत साधी आहे. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. घरी रोज दोन वेळ जेवत असाल तर माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटरवर जाऊ द्यायचं नाही, तिघांत एक लिटर आठवड्यात संपलं तर कुठेतरी भजी झालीत. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर. यात लोणचं, पापड, फरसाण आणि पावही आले, म्हणून चमचा दिसतो त्याहून लवकर भरतो.

आता स्वयंपाक आणि कपडे जिथे एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा. वन बीएचकेत जुलै महिन्यात कपडे घरातच वाळतात आणि फोडणीही घरातच होते. हिंग-लसणाचा वास आणि तेलाची वाफ ओल्या सुतात जाऊन बसते आणि सकाळी लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांना कळतं की काल रात्री तुमच्याकडे सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, होती. पावसाळ्यात म्हणून जास्तीत जास्त कुकरमधलं करा, तळण आणि परतण सुट्टीवर पाठवा. फोडणी करायचीच तर बनियनवर करा, खिडकी उघडी आणि बेडरूमचं दार बंद. कपडे पंख्याखाली दांडीवर दोन-दोन बोटं अंतर सोडून टाका. अर्धवट ओला शर्ट घडी करून ठेवाल तर कुबट वास दोन धुण्यांत निघत नाही. अर्धवट ओल्या शर्टाला इस्त्री फिरवून तोच अंगावर चढवण्याचा आळशी प्रकार मीही करतो, सुती असेल तर इस्त्रीही छान बसते, पण पूर्ण वाळेपर्यंत फिरवा.

कपडे थोडेच घ्या: चार शर्ट, दोन पँटी, एक टी-शर्ट. शर्ट सुती. पॉलिस्टरला इस्त्री लागत नाही हे खरं, पण घामाचा वास तो धरून ठेवतो आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तुमची बगल दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीवर असते. लिनन दिसायला देखणं, पण मुलुंडलाच चुरगळतं. पांढरा, फिका निळा, बारीक रेघांचा, असे रंग घ्या. दोन्ही पँटींवर चारही शर्ट चालले म्हणजे सकाळी विचार करायला लागत नाही.

ऑफिस फोर्टला म्हणता, मग मंगलदास मार्केट तुमच्या पायाखाली आहे, क्रॉफर्ड मार्केटजवळ. शनिवारी सुट्टी असेल तर दुपारी जा. दुकानदाराला आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 58 इंची पन्ह्याच्या कापडाला फुल शर्टासाठी साधारण 1.60 मीटर लागतं, 36 इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. पन्हा न विचारता "अडीच मीटर द्या" म्हणालात तर उरलेल्या कापडाचे रुमाल शिवत बसाल. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायला शिंप्याला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि दोष त्याच्यावर येतो. माप देताना पोट आत ओढू नका. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी आणि कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाकी शिंपी बघून घेतो. आणि पँटीत मायेला कापड सोडायला सांगा, दोन्ही दिशांनी उपयोगी पडतं.

बुटांचं थोडक्यात. जून ते सप्टेंबर कातडी बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, रस्त्यावर रबरी सँडल. घरी कपाटात ठेवलेला कातडी पट्टा गणपतीपर्यंत बुरशीने पांढरा होतो, तो बाहेर हवेशीर टांगा.

डबा घेऊन जाताना झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावा असं सगळे सांगतात, तरी कधीतरी वरण सांडणारच आणि ते पांढऱ्याच शर्टावर सांडणार. साबण लावल्यावर पिवळा डाग एकदम लाल झाला की घाबरून चोळत बसू नका. हळद साबणातल्या क्षाराने तशी लालसर होते, धुतल्यावर पुन्हा पिवळी पडते. डाग धुऊन शर्ट कडक उन्हात टाका. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही, एक-दोन दुपारींत तो फिका होत जातो. जुलैमध्ये सांडलं असेल तर मात्र थांबा, ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत तो शर्ट स्वयंपाकाला घाला.