अदलाबदलीची कार्डं जपताना

तुमच्याकडे पहिली आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं, म्हणजे कलाकारांनी एकमेकांशी अदलाबदलीसाठी केलेली छोटी कलाकार्डं, आली हे कळून फार आनंद झाला! १९९७ साली झुरिकमध्ये सुरुवात झाल्यापासून रीत तीच: विकायची नाहीत, बदलायची. माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणून नऊ कप्प्यांच्या पारदर्शक पानांत ती नेमकी बसतात. पण पानं पीव्हीसी प्लास्टिकची मुळीच घेऊ नका, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची घ्या. पीव्हीसी कालांतरानं चिकट होतं आणि रंग ओढून घेतं. माझं एक सुंदर कार्ड तसंच गेलं, अजून हळहळ वाटते. मणी-लेस लावलेली जाड कार्डं कप्प्यात कोंबू नका, उथळ डब्यात आडवी ठेवा. मागची बाजू झाकू नका, कलाकाराची सही तिथंच असते. भिंतीवर लावताना ऊन टाळा, गोंदाऐवजी फोटो कॉर्नर (कार्डाचे कोपरे अडकवायचे छोटे त्रिकोणी खिसे) वापरा. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.