कैगाजवळच्या काळी नदीचं पाणी घरच्या गायगर मीटरने तपासता येईल का?

तुम्ही राहता काणकोणात, सासुरवाडी काळीच्या मुखाजवळच्या सदाशिवगडची, तिकडच्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि मासळी घरात येते. कर्नाटकातल्या कैगाच्या अणुभट्ट्यांमुळे काळी नदी खराब झालीय का, हे ऑनलाइन मिळणाऱ्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर मीटरने बघता येईल का, असं विचारलंय.

नाही येणार. ते पैसे मासळीवरच खर्च करा.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कैगाला 220 मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत, जड पाणी वापरणाऱ्या. अशा भट्टीतून पाण्यात उतरणारी मुख्य चीज म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचंच किरणोत्सर्गी रूप. तो पाण्याच्याच रेणूत जाऊन बसतो, त्यामुळे गाळून, उकळून जात नाही. त्यातून बाहेर पडणारे बीटा कण इतके दुबळे की मीटरच्या नळीची खिडकीसुद्धा ओलांडत नाहीत. नदीकाठी मीटर टिकटिकेल, पण ती टिकटिक दगडमातीतल्या थोरियम-पोटॅशियमची आणि आकाशातून येणाऱ्या किरणांची.

ट्रिटियम मोजायचा तर पाण्याचं आधी ऊर्ध्वपातन करतात. मग त्यातले काही मिलिलिटर किरणोत्सर्गाने चमकणाऱ्या एका द्रवात मिसळून कुपी अंधारात ठेवून देतात. उजेड खाल्लेली कुपी आपणहून मिणमिणते आणि आकडा फुगतो. नंतर यंत्र एकेक चमक मोजत बसतं. 2009 च्या नोव्हेंबरात कैगातल्याच एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं होतं. ते उघडकीला आलं कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी ट्रिटियमला लिटरमागे 10,000 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आहे, सिझियम-137 या भट्टीत तयार होणाऱ्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाला फक्त 10. म्हणून मला विचाराल तर सिझियमकडे जास्त लक्ष द्या. तो चिकणमातीला घट्ट धरून बसतो. वरचं पाणी निर्मळ निघेल आणि तळाच्या गाळात तो साठलेला असेल. गाळ, मासे, तिसऱ्या यांचे आकडे बघितल्याशिवाय नुसत्या पाण्याच्या अहवालाला फार अर्थ नाही.

त्यातही एक मेख आहे. सिझियम-137 जरासा सापडला म्हणून लगेच कैगाकडे बोट दाखवता येत नाही. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा अंश जगभरच्या मातीत अजून आहे, त्याचं अर्धायुष्यच, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 30 वर्षांचं. सोबत सिझियम-134 निघाला तर मात्र कान टवकारा. त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, म्हणजे माल ताजा आणि भट्टीतलाच.

तुमच्या नळाची काळजी सोडा. काणकोणला चापोली धरणाचं पाणी येतं, काळीचा त्याच्याशी संबंध नाही. समुद्राचं म्हणाल तर आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेला, म्हणजे कारवारकडून आपल्याकडे. पण तोवर पाणी प्रचंड पातळ झालेलं असतं.

कैगाला भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. ती पाणी, गाळ, मासे, दूध नियमित तपासते. मोजणारे आणि भट्टी चालवणारे दोघेही अणुऊर्जा विभागाचेच, ही लोकांची तक्रार मला रास्त वाटते. तरीही आकडे मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फक्त ‘पाणी सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, ‘आहे’ एवढंच उत्तर येईल. वरच्या अंगाला कोडसळ्ळी धरण, खालच्या अंगाला कद्रा; दोन्हीकडच्या गाळातले सिझियम-137 आणि 134 चे वर्षवार आकडे, शिवाय काळीच्या मुखाजवळच्या तिसऱ्यांचे, असं नेमकं लिहून मागा.