तुमचे प्रश्न: विहिरीवरचं इंजिन परत धडधडेल का?

प्रश्न: आमच्या विहिरीवरच्या खोलीत आजोबांचं किर्लोस्करचं एका सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे, लाइटची मोटर बसवली तेव्हापासून बंदच. यंदा तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात ते चालू करून ठेवायचंय पण फ्लायव्हील हलतच नाही. हँडलला पाइप लावून जोर लावला तरी ढिम्म. ट्रॅक्टरने ओढलं तर? (तासगाव तालुक्यातले एक वाचक)

उत्तर: अहो थांबा, ट्रॅक्टर राहू द्या तिकडंच! पिस्टन गंजून लायनरला (सिलेंडरच्या आतल्या नळीला) धरलाय, त्यात ट्रॅक्टरचा झटका बसला की कनेक्टिंग रॉड वाकणार, आणि मग प्रदर्शनात इंजिन नाही, भंगार ठेवाल. हेड उघडा, पिस्टनवर घासलेट आणि पातळ ऑइल मिसळून ओता आणि विसरून जा. आठवडाभर रोज थोडं घालत राहा, मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोका, एक केसभर सरकला तरी काम झालं समजा, मागंपुढं मागंपुढं करत सुटतो. फ्लायव्हीलवर मात्र घण घालू नका, ते बिडाचं आहे, तडा गेला तर डोळ्याला दिसणार पण नाही आणि फिरताना फुटलं तर जवळ उभा असलेला माणूस वाचत नाही.

सुटलं म्हणून लगेच हँडल मारायचं नाही. जुनं डिझेल टाकीत चिकट होऊन बसलेलं असतं, ते काढा, टाकी धुवा, संपमधलं (इंजिनाच्या तळातलं) ऑइल बदला. आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही, डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) बोटाने सरकवून बघा. ती अडकलेली असली तर गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) कितीही ओढू दे, डिझेल कमी होत नाही आणि इंजिन सुसाट सुटतं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एक माणूस जाड फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा ठेवा, सुटलंच तर तोंड दाबायचं, हवा बंद इंजिन बंद. हात मात्र लावायचा नाही.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडून वळवू नका. उलटा झटका आला तर अंगठा जातो, जुन्या ड्रायव्हर लोकांना विचारा. डिकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून चांगला वेग येईपर्यंत फिरवा, मग खटका सोडा. उपरणं, ओढणी, सैल बाह्या लांब. पाणी विसरू नका, विहिरीवर पंपाच्याच पाइपातून फाटा काढून इंजिनाला पाणी दिलेलं असायचं, प्रदर्शनात पंप नसणार तर बॅरल लावा. खोलीत दार लावून चालवू नका, धूर जीव घेतो.

प्रश्न: मुलगा इंग्लंडला असतो, त्याने तिथल्या जत्रेतला व्हिडिओ पाठवला. दोरी बांधून आत ओळीने जुनी इंजिनं चालू आहेत, कशालाच जोडलेली नाहीत, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलीत. आणि एक इंजिन तर मधेच बंद पडतंय आणि परत उडतंय. हे काय? (कोल्हापूर)

उत्तर: बंद पडत नाही हो, तसंच चालतं ते! त्याला हिट अँड मिस म्हणतात. वेग वाढला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जात नाही, फ्लायव्हील नुसतं आपल्या वजनावर फिरत राहतं सुस्स सुस्स सुस्स, वेग उतरला की एकदा फाट्! करून पेटतं. लोड नसला की दोन फटक्यांमधे बराच वेळ जातो, आणि बघणाऱ्यांची मजा त्यातच. पुढचं ‘फाट्’ कधी येतंय याची वाट बघत माणसं अर्धा तास उभी राहतात, खरंच. काहीजण बादलीतलं पाणी उचलून परत त्याच बादलीत टाकणारा छोटा पंप लावतात, निदान काहीतरी काम दिसावं म्हणून.

डॉर्सेटला १९६९ पासून अशी मोठी जत्रा भरायची, वाफेच्या इंजिनांची मुख्य, ती २०२२ नंतर भरली नाही. मुलाला सांगा चेशायरमधे पॉइन्टनला अ‍ॅन्सन इंजिन म्युझियम आहे, तिथं जा.

प्रश्न: गुऱ्हाळाच्या चरकावर दोन फ्लायव्हीलचं ‘लिस्टर’ इंजिन होतं. ओरिजिनल इंग्लंडचं आहे की राजकोटची नक्कल, कसं ओळखायचं? (फलटण)

उत्तर: आधी पितळी पट्टी बघा. डर्सलीचं, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचं असेल तर कंपनीचं नाव, नंबर, हॉर्सपॉवर आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) त्यावर असतं. ५ हॉर्सपॉवर ६०० आरपीएम असेल तर जुनं, ६ हॉर्सपॉवर ६५० असेल तर नंतरचं. पट्टी गेली असेल तर बिडात ओतलेली अक्षरं शोधा, रंग खरवडून नाही, ब्रशने. पण राजकोटचं निघालं म्हणून तोंड पाडू नका, नक्कल इतकी जवळची की बरेच पार्ट एकमेकांना बसतात, आणि आपल्याकडचा कितीतरी गूळ त्याच नकलेवर निघालाय. माझ्या मते तेही जपायच्याच लायकीचं.

प्रश्न: आजोबांचा लोखंडी नांगर ग्राइंडर मारून सोनेरी रंगवू का? बंगल्यापुढं ठेवायचाय. (बार्शी)

उत्तर: नका हो! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ ला बेळगावात लोखंडी नांगर केले तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून दोन वर्षं कुणी हात लावेना, आणि तुम्ही आता त्याला सोनं फासताय. फाळ कुठल्या बाजूने जास्त झिजलाय ते राहू द्या, ती तुमच्या आजोबांच्या शेताची झीज आहे. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, जवसाचं तेल पातळ लावून उन्हात वाळवा, पावसाळ्याआधी परत एक हात. आणि खाली विटा द्या, ओल्या मातीवर ठेवू नका.