तुमचा प्रश्न : अंगठा आपला, पाहुणे मित्र

प्रश्न : तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, जीव मात्र अमेरिकेच्या कंट्री संगीतावर. आता साठीत मित्रांना घेऊन अल्बम करायचाय : एक तबलजी, एक सॅक्सोफोनवाला, एक भजनातला पेटीवाला. मुलगा म्हणतो, सगळी सरमिसळ होईल. करू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : काका, कराच! कंट्रीचं माहेरघर असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांनी साठीतच, १९८५ साली ‘स्टे ट्यून्ड’ हा अल्बम केला. सोबत जॅझमधले जॉर्ज बेन्सन आणि रॉकमधले मार्क नॉफलर. तरी दोन सुरांत चेट ओळखू येतात, कारण त्यांचा अंगठा. अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो, बोटं वर चाल वाजवतात. तुमचाही अंगठा सोडू नका. तो ठेका आठ मात्रांच्या केरवा तालात अगदी चपखल बसतो. तबलजींना नुसतं ‘धा गे ना ती’ सावकाश धरायला सांगा आणि बघा.

खरी अडचण पेटीची. तिचे सूर हलत नाहीत, म्हणून आधी गिटार पेटीला लावून घ्या. भजनवाले काळी एकमध्ये (म्हणजे सी शार्प सुरात) असतील, तर गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावा आणि नेहमीच्या सी कॉर्डची बोटं धरा. माझी गोदाकाठच्या एका बैठकीतली पूर्ण संध्याकाळ याच एका गोष्टीपायी वाया गेली होती.

सगळ्यांना सगळ्या गाण्यांत बसवू नका. एका गाण्याला एकच पाहुणा. सॅक्सोफोनला संथ चाल द्या, आणि तो वाजत असताना तुम्ही फक्त अंगठा चालू ठेवा.