स्वतःच्या साउंड इफेक्ट्सची लायब्ररी उभी करायची आहे. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शॉर्टफिल्म आणि पॉडकास्टसाठी नेटवरचे तयार इफेक्ट्स वापरता, पण आता तेच दार, तीच पावलं, तोच पाऊस सगळीकडे ऐकू येऊ लागलाय. म्हणून स्वतः रेकॉर्ड करायचं ठरवलंय, आणि विचारलंय की फोनवर भागेल का आणि आधी काय काय रेकॉर्ड करावं. मी नऊ वर्षं ऑडिओ नाटकं आणि माहितीपटांसाठी आवाजाचं काम करते. माझ्या लायब्ररीत आज साधारण सहा हजार फाइल्स आहेत, सगळ्या स्वतः घेतलेल्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे.

एक दार घ्या. काय काय नको, एकच दार.

नवीन माणूस बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी रेकॉर्डर घेऊन बाहेर पडतो आणि दिसेल त्या वस्तूचा एकेक आवाज घेतो. महिन्याभरात दोनशे वस्तूंचे दोनशे आवाज जमतात आणि कामाच्या वेळी त्यातला एकही नीट बसत नाही. कारण दृश्यात दार नुसतं उघडत नसतं. कुणी घाबरत उघडतं, कुणी हात भरलेले म्हणून पायाने ढकलतं, कुणी रागाने आपटून निघून जातं. एकाच दाराचे चाळीस आवाज जवळ असले तर यातलं प्रत्येक दृश्य निभावतं.

घरातलं सगळ्यात जुनं, बिजागऱ्यांना कधी तेल न मिळालेलं लाकडी दार निवडा आणि एक अख्खी संध्याकाळ त्याला द्या. आधी अगदी हळू ढकला, इतकं हळू की दार हलतंय हे डोळ्यांना जेमतेम कळावं. सलग कुरकुर येणारच नाही. टक्... टक्... टक् असे सुटे ठोके येतील. बिजागरी क्षणभर अडकते, ताण साठतो, मग ती सटकते आणि लगेच पुन्हा अडकते. प्रत्येक सटकण्याचा एक ठोका. वेग जरासा वाढवा. ठोके जवळ येतात, आणि एका टप्प्यावर ते ठोके न राहता त्यांचा सूर होतो. आणखी वेग दिलात की सूर वर चढतो आणि मग एकदम विरतो, कारण बिजागरीला अडकायला वेळच उरत नाही. आता दुसऱ्या हाताने दार किंचित वर उचलून धरा. बिजागरीवरचा भार बदलला की आवाजाची जातच बदलते. अर्ध्या तासात तुम्हाला ते दार वाजवता यायला लागेल. ही सवय हाताला लागली की पुढे कुठल्याही वस्तूकडे तुम्ही तसेच बघाल.

कुरकुर झाली की कडी, लॅच, कुलूप घ्या. मग बंद होण्याचे आवाज: अलगद, नेहमीसारखं, धाडकन. ठोठावणं बोटांच्या पेरांनी, मुठीने, तळहाताने. हे सगळं आधी हातभर अंतरावरून, मग चारपाच पावलांवरून, मग दाराच्या पलीकडे उभं राहून. प्रत्येकाचे पाचसहा टेक हवेतच. एकच फाइल लागोपाठ दोनदा वाजली तर कान लगेच ओळखतो. व्हिडिओ गेममध्ये एका पावलासाठी बऱ्याच वेगवेगळ्या फाइल्स ठेवतात त्या याचसाठी.

आता फोन. शिकायला चालेल, लायब्ररीसाठी मी वापरणार नाही. फोन आवाज स्वतःच्या मर्जीने वरखाली करतो आणि माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं गोंगाट समजून दाबतो. दार बंद झाल्यावर खोलीत घुमणारा जो शेवटचा भाग तुम्हाला हवा असतो, नेमका तोच तो कापून टाकतो. काही ॲप्समध्ये हे बंद करून डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे काही न गाळता आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये, रेकॉर्ड करता येतं. तेवढं करून महिनाभर सराव करा आणि मग हातात मावणारा एखादा साधा रेकॉर्डर घ्या. महागडा लागत नाही. सोबत कान पूर्ण झाकणारा, बंद प्रकारचा हेडफोन मात्र घ्याच. पैसे मोजकेच असतील तर रेकॉर्डर हलका घ्या, हेडफोन चांगला घ्या, कारण ऐकूच आलं नाही ते दुरुस्त कसं करणार?

सेटिंग: डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने). सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल ठेवा; शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो, म्हणजे चिरका होतो. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आता हलक्या किमतीतही मिळतात. त्यांत लेव्हल चुकली तरी फाइल फाटत नाही, ही सोय खरी आहे. पण माइक मात्र फाटू शकतो. मी एकदा एका मोठ्या लोखंडी फाटकाच्या आपटण्याला रेकॉर्डर वीतभर अंतरावर धरला होता, फ्लोटच्या भरवशावर. लेव्हल खाली आणून ऐकलं तरी आवाज चिरकाच होता, कारण त्या दाबाने माइकनेच हार मानली होती. ते फाटक नंतर बदललं गेलं, तो आवाज मला परत मिळाला नाही.

९६ किलोहर्ट्झ कशाला, असं बरेचजण विचारतात. आवाज संथ करायचा असेल तरच त्याचा उपयोग. ४८ च्या फाइलमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतच माहिती असते. ती पाव वेगाने वाजवली, म्हणजे दोन सप्तकं खाली आणली, की वरची हद्द ६ किलोहर्ट्झवर येते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. ९६ ला तीच हद्द १२ वर राहते. अट एवढीच की तुमच्या माइकला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू यायला हवं. नाहीतर वरच्या भागात नुसता हिस भरतो आणि फाइल दुप्पट होते. माझ्या घरातल्या एका जुन्या दाराची कुरकुर पाव वेगाने वाजवली तेव्हा लाकडी जहाज लाटेवर कण्हतंय असं वाटलं. एका नाटकात तो आवाज जहाज म्हणूनच गेला.

जागेबद्दल. खोलीचा घुमारा मागाहून घालता येतो, काढता मात्र धड येत नाही. म्हणून जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेली कपाटं असलेली खोली चांगली. माइक वस्तूजवळ आणा. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. पंखा, घड्याळ, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना तुमच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे: किल्ली घ्यायला गेल्याशिवाय निघता येत नाही, आणि किल्ली घेताना फ्रीज सुरू करायची आठवण होते. रेकॉर्डर स्टँडवर ठेवा, हातात धरू नका. सळसळणारे कपडे घालू नका. आवाज संपल्यावर पाच सेकंद पुतळ्यासारखं उभं राहा. मी तर श्वासही रोखते, कारण आवाजाचं शेपूट विरत असतानाच नाकातून सोडलेला श्वास फाइलमध्ये येतो आणि चांगला टेक वाया जातो. शेवटी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घ्या. जोड लपवायला ती लागतेच.

बाहेर काम करणार असाल तर माइकला केसाळ आवरण हवं. नुसत्या फोमने वारा अडत नाही. आणि पहाट गाठा, रहदारी सुरू होण्याआधीची.

सगळे आवाज खऱ्या वस्तूचेच हवेत असंही नाही. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून ज्या कामाला, म्हणजे चित्राबरहुकूम हाताने आवाज काढण्याला, फोली म्हणतात, त्यात बर्फावरची पावलं चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून आणि ती दाबून काढतात. चामडी हातमोजे फडफडवले की पक्ष्याचे पंख होतात. जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून तिच्यावर पाय ठेवला की गवत. ऐकणाऱ्याला वस्तू दिसत नाही, त्याला वजन, पोत आणि वेग एवढंच ऐकू येतं.

आणि इथेच लायब्ररीचा खरा प्रश्न सुरू होतो: या फाइलला नाव काय द्यायचं? कॉर्नफ्लोअर की बर्फ? दोन्ही द्यायचं. आवाज कशातून आला आणि कानाला काय वाटतो, या दोन्ही गोष्टी नोंदवलेल्या असतील तरच तो गरजेच्या वेळी हाती लागतो.

हे मला उशिरा कळलं. पहिली दोन वर्षं मी रेकॉर्डरने दिलेली नावंच ठेवली, म्हणजे तारीख आणि आकडा. बाराशेच्या वर फाइल्स साठल्या. एका दिग्दर्शकाला जुन्या पेटीच्या झाकणाचा आवाज हवा होता. माझ्याकडे तो होता, उत्तम होता, आणि तो घेतल्याची दुपारही मला आठवत होती. चार तास शोधूनही सापडला नाही. शेवटी दुसरीच पेटी रेकॉर्ड करून दिली. त्यानंतर दोन महिने रोज रात्री बसून मी एकेक फाइल ऐकली आणि तिला नाव दिलं. जी पेटी हवी होती ती त्यातच निघाली, एका लांबलचक फाइलच्या विसाव्या मिनिटाला.

वर्गवारी स्वतः शोधून काढण्यात वेळ घालवू नका. २०२० मध्ये काही अनुभवी साउंड एडिटरनी यूसीएस, म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम, सगळ्यांसाठी मोफत खुली केली. तिच्यात दारं, पाणी, पावलं, हत्यारं असे ८० हून जास्त मुख्य वर्ग आणि त्यांचे पोटवर्ग आहेत. फाइलच्या नावात आधी वर्गाचा संकेत, मग आवाजाचं नाव, मग रेकॉर्ड करणाऱ्याची आद्याक्षरं, मग कुठल्या कामासाठी ते. फाइलचं नाव मी रोमन लिपीतच ठेवते, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नावं तुटतात. वर्णन मात्र मराठीत, वेगळ्या तक्त्यात.

वर्णनात मराठीने मला जी मदत केली ती कुठल्याही तयार यादीने केली नाही. आपल्याकडे आवाजांना शब्द उदंड आहेत आणि ते नेमके आहेत. कुरकुर बारीक आणि नरम, करकर कोरडी आणि दातांत जाणारी. डब्यात सुटे मणी हलले तर खुळखुळ, त्याच डब्यात दगड असले तर खडखड, नाणी पडली तर खणखण. सळसळ पानांची, सरसर अंगाजवळून सरकणाऱ्या कशाची तरी. शोधताना मला वस्तू आठवत नाही, पण हवा तो आवाज तोंडातून आपोआप निघतो, आणि तोच शब्द मी शोधचौकटीत टाइप करते. "करकर, संथ, लाकूड, जहाजासारखी" एवढं लिहिलं की ते दार समोर येतं.

एडिटिंगचं थोडक्यात. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याला हात लावू नका. प्रतीतून टेक सुटे करा, सुरुवातीला आणि शेवटी काही मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या म्हणजे टिचकी येत नाही. नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं), रिव्हर्ब (घुमारा घालणं), कॉम्प्रेशन (लहानमोठ्या आवाजातला फरक कमी करणं) लायब्ररीच्या फाइलवर करू नका. ते त्या त्या कामात करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो, म्हणजे जागेचं कारण सांगून काही पुसायची गरज नाही. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर.

हक्कांचंही बघा. तयार आवाजांवर बहुतेकदा सीसी, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हा खुला परवाना असतो: सीसीझिरो कसाही वापरता येतो, सीसी बायला श्रेय द्यावं लागतं, एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक कामात चालत नाही. स्वतःच्या आवाजांना यातलं काही लागू नाही, पण कुणाचं ओळखू येणारं बोलणं आलं तर त्या माणसाला विचारा, खासगी जागेत परवानगी घ्या, आणि मागे कुठे गाणं वाजत असेल तर तो टेक सोडून द्या.

रेकॉर्ड करताना प्रत्येक टेकआधी तोंडाने बोला: "लाकडी दार, जवळून, संथ, तिसरा टेक." आणि त्या संध्याकाळच्या फाइल्सना नावं त्याच रात्री द्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या टेकमध्ये तुम्ही दार किती उचललं होतं ते आठवत नाही.